परवाना आणि प्रशिक्षण : भारतातील वाहनचालक शिक्षणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

रस्ते अपघातांची चर्चा निघाली की वाहनचालकाचे शिक्षण हा उपाय सर्वप्रथम सुचविला जातो. अपघात चालकाच्या चुकीमुळे होतो, चूक अज्ञानातून घडते आणि अज्ञानावर शिक्षण हाच उपाय आहे, अशी या विचाराची सरळ मांडणी असते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व ४,४३,३६६ व्यक्ती जखमी झाल्या. एकट्या महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. त्या वर्षी देशात दररोज सरासरी ४६२ माणसांनी रस्त्यावर प्राण गमावले, असा याचा अर्थ होतो. विशेष म्हणजे अपघातांत सापडलेल्या वाहनांच्या चालकांमध्ये मोठी संख्या वैध परवानाधारकांची असते. म्हणजे शासनाने ज्यांना 'पात्र' ठरविले, त्यांच्याच हातून हे अपघात घडतात. तेव्हा पात्रता ठरविण्याची ही पद्धत कशी घडत गेली आणि तिच्यात शिक्षणाला नेमके कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकालाही विचारावा लागतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. वाहन परवान्याच्या कायद्याचा विकास पाहणे, हे पहिले उद्दिष्ट होय. वाहनचालक शिक्षणाच्या परिणामाविषयी झालेल्या महत्त्वाच्या प्रयोगांचा आढावा घेणे, हे दुसरे. या दोहोंच्या प्रकाशात भारतीय व्यवस्थेचे परीक्षण करणे, हे तिसरे उद्दिष्ट होय. भारतीय मोटार वाहन कायदा ब्रिटिश अमलात आकाराला आला असल्याने ब्रिटनमधील घडामोडींचा विचार अपरिहार्य ठरतो. शिक्षणाचा परिणाम मोजण्याचे सर्वांत मोठे प्रयोग अमेरिकेत झाल्यामुळे त्यांचीही दखल घेतली आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. परवान्याचा उगम : ओळख की पात्रता?

मोटार रस्त्यावर आली तेव्हा तिच्या चालकाला काय यायला हवे, याविषयी युरोपात दोन भिन्न दृष्टिकोन दिसून येतात. फ्रान्समध्ये १८९३ साली पॅरिसच्या पोलीस प्रशासनाने वाहनचालकासाठी प्रमाणपत्र आवश्यक केले. प्रशियात १९०३ साली चाचणी सक्तीची झाली. ब्रिटनने मात्र वेगळा मार्ग स्वीकारला. १९०३ च्या मोटार कार कायद्याने परवाना आवश्यक ठरविला. परंतु पाच शिलिंग भरणाऱ्या व वयाची अट पूर्ण करणाऱ्या व्यक्तीला तो कोणत्याही चाचणीशिवाय मिळत असे. त्या परवान्याचा उपयोग चालकाची ओळख पटविण्यापुरता आणि गुन्हा घडल्यास तो काढून घेण्यापुरता होता. वाहन चालविण्याच्या कौशल्याशी त्याचा संबंध नव्हता.

भारतातही प्रारंभीचे कायदे प्रांतिक स्वरूपाचे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल, मुंबई व मद्रास या प्रांतांनी मोटार वाहनांविषयी स्वतंत्र कायदे केले. मुंबई प्रांताचा कायदा १९०४ सालचा होता. त्यानंतर १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने सर्व ब्रिटिश भारतासाठी एक चौकट तयार केली. त्या वेळी मोटारी मुख्यतः संस्थानिक, बडे अधिकारी व धनिक व्यापारी यांच्याकडेच होत्या. गाडी बहुधा पगारी चालक हाकीत असे. त्यामुळे या कायद्याच्या दृष्टीने चालक हा शिक्षणाचा विषय नव्हता. नोंद ठेवण्याचा व गरज पडल्यास शिक्षा करण्याचा तो विषय होता. ब्रिटनमधील 'ओळखीचा परवाना' अशा रीतीने भारतात रुजला आणि पुढील अनेक दशके त्याची छाया कायद्यावर राहिली, असे म्हणता येईल.

२. चाचणीचे आगमन : ब्रिटन, १९३५

चाचणीविना परवाना देण्याच्या धोरणाचा फेरविचार ब्रिटनला वाढत्या मृत्युसंख्येमुळे करावा लागला. १९३४ साली तेथे रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षीच्या रस्ते वाहतूक कायद्याने चाचणीची तरतूद केली. मार्च १९३५ पासून ती ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. १ एप्रिल १९३४ रोजी अथवा त्यानंतर वाहन चालविण्यास प्रारंभ केलेल्या सर्वांना ती १ जून १९३५ पासून सक्तीची झाली. पहिल्या वर्षी उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते. दर तीन उमेदवारांपैकी किमान एक जण वाहन चालविण्यास अपात्र ठरला, ही बाब पूर्वीच्या व्यवस्थेवर पुरेसा प्रकाश टाकते.

१९३५ साली मृतांची संख्या ६,५०२ पर्यंत खाली आली. हे यश चाचणीचे, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. परंतु त्याच कायद्याने मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची वेगमर्यादा लागू केली होती आणि पादचाऱ्यांसाठी खुणा केलेल्या ओलांडण्याच्या जागाही त्याच सुमारास निर्माण केल्या जात होत्या. चाचणी फक्त नव्या चालकांना लागू होती, तर वेगमर्यादा सर्वांना. त्यामुळे ही घट केवळ चाचणीच्या खात्यावर जमा करता येत नाही. चालकाचे ज्ञान, रस्त्याची रचना आणि कायद्याची अंमलबजावणी यांचे परिणाम परस्परांत मिसळलेले असतात. वाहनचालक शिक्षणाच्या इतिहासात ही अडचण पुन्हा पुन्हा उद्भवते.

३. शिक्षणाचा प्रयोग आणि त्याचा अनपेक्षित निष्कर्ष

ब्रिटनने चाचणीवर भर दिला, तर अमेरिकेने शाळेवर. पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज या गावी प्राध्यापक एमॉस नेहार्ट यांनी १९३४ साली माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी वाहनचालनाचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढील तीन-चार दशकांत हा विषय अमेरिकेतील हजारो शाळांत पोहोचला. अभ्यासक्रम घेतलेल्या मुलांचे अपघात कमी होतात, असा दावा त्याच्या पुरस्कर्त्यांनी केला. मात्र या तुलनेत एक उणीव होती. हा अभ्यासक्रम स्वेच्छेने निवडणारी मुले मुळातच अधिक सावध असण्याची शक्यता होती.

या शंकेचे निरसन करण्यासाठी जॉर्जिया राज्यातील डीकाल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक व्यापक प्रयोग हाती घेण्यात आला. सोळा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटाला सुमारे ७० तासांचा सर्वांगीण अभ्यासक्रम, दुसऱ्याला परवान्यापुरते जुजबी शिक्षण आणि तिसऱ्याला शाळेतून कोणतेही शिक्षण नाही, अशी रचना होती. पहिल्या गटाला परवाना मिळाल्यानंतर प्रारंभीच्या काही महिन्यांत थोडा लाभ दिसला. परंतु तो टिकला नाही. आकडेवारीच्या फेरतपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. प्रशिक्षित मुलांनी परवाने लवकर मिळविले आणि ती कमी वयात रस्त्यावर आली. त्यामुळे एकूण गटाचा विचार करता अपघात घटले नाहीत. कनेक्टिकट राज्यात १९७६ नंतर काही ठिकाणी शालेय अभ्यासक्रमाचे अनुदान बंद झाले, तेव्हा तेथे सोळा-सतरा वर्षांच्या परवानाधारकांची संख्या घटली व त्यांचे अपघातही कमी झाले, असे तेथील अभ्यासात आढळले.

शिक्षण निरुपयोगी असते, असा याचा अर्थ नाही. वाहन हाताळण्याचे कौशल्य आणि रस्त्यावरील धोका ओळखण्याची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्याचा अर्थ आहे. पहिली काही तासांत येते. दुसरी देखरेखीखालील दीर्घ अनुभवाने येते. पहिल्या गोष्टीतील प्रावीण्याने चालकाचा आत्मविश्वास वाढतो. समज मात्र मागेच राहते. हा बोध घेऊन न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत स्वीकारली. शिकाऊ, मर्यादित व पूर्ण असे तीन टप्पे आणि मधल्या टप्प्यात रात्री वाहन चालविणे व सोबती नेणे यांवर बंधने, असे तिचे स्वरूप होते. पुढे अमेरिकेतील राज्यांनीही तिचे अनुकरण केले. भारतात दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. दिनेश मोहन यांनी केवळ चालकाच्या शिक्षणावर विसंबून राहण्याच्या वृत्तीवर सातत्याने टीका केली, ती याच आधारावर.

४. १९३९ चा कायदा आणि उस्तादांची शाळा

या पार्श्वभूमीवर भारताकडे वळल्यास १९३९ चा मोटार वाहन कायदा महत्त्वाचा ठरतो. या कायद्याने क्षमता-चाचणीची तरतूद परिशिष्टासह केली. गाडी सुरू करणे, वळविणे, मागे घेणे, थांबविणे, हाताचे इशारे देणे यांसारख्या बाबींत उमेदवाराने परीक्षकाची खात्री पटवावी, असे तिचे स्वरूप होते. वाहन चालविण्यासाठी १८ वर्षे आणि परिवहन वाहनासाठी २० वर्षे अशी वयाची अटही घालण्यात आली. मात्र कायद्याचा मुख्य रोख वेगळा होता. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ते विकास समितीने १९२८ साली अहवाल सादर केल्यानंतरच्या काळात मोटार वाहतूक वाढली आणि ती रेल्वेशी स्पर्धा करू लागली. या स्पर्धेचे नियमन करणे, मार्गांचे परमिट देणे आणि विम्याची सक्ती करणे या प्रश्नांनी कायद्याची बहुतांश जागा व्यापली. चालकाची चाचणी कोणी व कशी घ्यावी, हे कायद्याने सांगितले. परंतु चालकाने शिकावे कोठे, हा प्रश्न जवळजवळ अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर समाजाने स्वतः शोधले. मालवाहतुकीच्या क्षेत्रात 'उस्ताद' आणि 'क्लीनर' यांची परंपरा निर्माण झाली. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ट्रकवर क्लीनर म्हणून लागे. चाकाखाली दगड लावणे, काचा पुसणे, टायर बदलणे, गाडी मागे घेताना आवाज देणे ही कामे करीत तो उस्तादाच्या शेजारी बसून रस्ता वाचायला शिके. प्रथम गाडी अड्ड्यात पुढे-मागे घेणे, मग रिकामी गाडी सरळ रस्त्यावर हाकणे, मग भरलेली गाडी आणि सर्वांत शेवटी घाट, असा हा अलिखित अभ्यासक्रम होता. तो पूर्ण होण्यास वर्षे लागत. त्यात दोष पुष्कळ होते. बालमजुरी, मारहाण व अपुरी झोप हे त्याचे अविभाज्य भाग होते. उस्तादाच्या चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही शिष्याकडे जात. वाहतूक चिन्हे व कायदा यांचे ज्ञान त्यात नगण्य होते. तथापि देखरेखीखालील दीर्घ अनुभव आणि टप्प्याटप्प्याने वाढणारी जबाबदारी ही दोन तत्त्वे त्यात होती. न्यूझीलंडने १९८७ साली कायद्यात आणलेली गोष्ट भारतीय ट्रकच्या केबिनमध्ये कायद्याबाहेर अस्तित्वात होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. शासनाने या परंपरेतील दोष दूर करून तिचे रूपांतर नियमित उमेदवारीत केले नाही. तिच्याकडे केवळ दुर्लक्ष केले.

सार्वजनिक प्रवासी वाहतुकीत मात्र वेगळे चित्र दिसते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पुढे महाराष्ट्रात एसटी महामंडळाच्या रूपाने चालकांना नोकरीवर घेणारी, त्यांना प्रशिक्षण देणारी आणि त्यांच्या चुकांची नोंद ठेवणारी एक मोठी सार्वजनिक संस्था उभी राहिली. १९६७ साली पुण्याजवळ भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेची स्थापना झाल्याने परिवहन महामंडळांच्या प्रशिक्षणाला संस्थात्मक आधार लाभला. येथे परवाना हा शिक्षणाचा शेवट नसून नोकरीतील प्रशिक्षणाचा आरंभ ठरतो. खासगी मालवाहतुकीत अशी जबाबदारी घेणारी संस्था निर्माण झाली नाही.

५. १९८८ चा कायदा : कागदावरील अभ्यासक्रम

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने शिक्षणाची दखल घेतली. कलम १२ अन्वये वाहनचालन शिकविणाऱ्या शाळांच्या परवान्याची व नियमनाची तरतूद झाली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३१ ने अभ्यासक्रम ठरवून दिला. खासगी वापराच्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण व प्रत्यक्ष चालविण्याचे किमान दहा तास, तर परिवहन वाहनासाठी किमान ३० दिवस व पंधरा तास, असे प्रमाण निश्चित करण्यात आले. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी शाळेचे प्रमाणपत्रही आवश्यक करण्यात आले.

या तरतुदींचे बारकाईने परीक्षण केल्यास तीन विसंगती दिसून येतात. पहिली विसंगती दुचाकीविषयी आहे. मोटारसायकलसाठी अभ्यासक्रमाचा अल्प भागच पुरेसा मानला गेला आणि परवान्यासाठी शाळेचे प्रमाणपत्र आवश्यक नव्हते. 'आठचा आकडा' काढता आला की उमेदवार पात्र, अशी समजूत रूढ झाली. २०२२ मध्ये देशातील एकूण रस्ते अपघाती मृत्यूंपैकी ४४.५ टक्के मृत्यू दुचाकीस्वारांचे होते. म्हणजे सर्वाधिक धोका जेथे आहे, तेथेच शिक्षणाची अपेक्षा सर्वांत कमी ठेवली गेली. दुसरी विसंगती तासांविषयी आहे. तीस दिवसांत पंधरा तास चालवून अवजड वाहनाचा चालक तयार होतो, हे गृहीतक घाटरस्ते आणि रात्रीची वाहतूक यांचा अनुभव असलेल्या कोणालाही पटणारे नाही. तिसरी विसंगती औपचारिक शिक्षणाविषयी आहे. २००७ साली परिवहन वाहनाच्या चालकासाठी इयत्ता आठवी उत्तीर्ण असण्याची अट घालण्यात आली आणि २०१९ साली ती रद्द करण्यात आली. शालेय शिक्षण हे वाहनचालन शिक्षणाला पर्याय ठरेल, ही अपेक्षा मुळातच चुकीची होती. त्या अटीने अनेक अनुभवी तरुणांचा उपजीविकेचा मार्ग मात्र अडला.

याच कायद्यातील कलम ७ कडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळविण्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष धारण केलेला असावा, अशी त्यात अट आहे. टप्प्याटप्प्याने परवाना देण्याच्या तत्त्वाचे बीज या अटीत आहे. परंतु परवाना वर्षभर खिशात असणे आणि वर्षभर वाहन चालविणे यांत फरक आहे. अनुभवाची नोंद ठेवण्याची कोणतीही सोय कायद्याने केली नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिलेल्या व नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केलेल्या निर्णयानुसार ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते. लाखो चालकांच्या उपजीविकेच्या व अपघातग्रस्तांच्या नुकसानभरपाईच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. परंतु त्यामुळे या वर्गातील वाहनांपुरता कलम ७ मधील टप्पा उरला नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

६. परवान्याची बाजारपेठ

कायद्यातील चाचणी प्रत्यक्षात कशी होते, याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा २००४-०५ मध्ये दिल्लीत झालेल्या एका अभ्यासातून मिळतो. मारियान बर्ट्रांड, सिमिओन जॅन्कोव्ह, रेमा हॅना व सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी ८२२ उमेदवारांचा परवाना मिळविण्याचा मार्ग तपासला. काहींना लवकर परवाना मिळविल्यास बक्षीस, काहींना मोफत प्रशिक्षण आणि उरलेल्यांना काहीच नाही, असे तीन गट त्यांनी केले. परवाना मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के उमेदवारांनी चाचणी दिलीच नव्हती. स्वतंत्रपणे घेतलेल्या चाचणीत त्यांपैकी ६२ टक्के परवानाधारक अपात्र आढळले. बेकायदा रक्कम थेट अधिकाऱ्याच्या हाती जात नव्हती. ती दलालामार्फत जात होती.

या अभ्यासाकडे केवळ भ्रष्टाचाराचा पुरावा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. जेथे एका दिवसाच्या चाचणीवर सर्व काही अवलंबून असते, तेथे ती चाचणी विकत घेता येते. वर्षभराच्या नोंद केलेल्या, देखरेखीखालील अनुभवाची विक्री करणे तुलनेने कठीण असते. दलाल हा परवानाकेंद्री व्यवस्थेचा अपघाती दोष नाही, तिची स्वाभाविक निष्पत्ती आहे.

७. २०१९ नंतरचे बदल

२०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने दंडाच्या रकमा वाढविल्या. त्यापाठोपाठ १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. या केंद्रांत हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तासांचा व मध्यम-अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला. येथे उत्तीर्ण होणाऱ्या उमेदवाराला परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. प्रशिक्षणाला चाचणीपेक्षा अधिक वजन देणारा हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि शिकविणारा आणि प्रमाणित करणारा एकच असल्यास प्रमाणपत्र पुन्हा विक्रीची वस्तू बनण्याचा धोका उरतो. शिवाय परवाना हाती पडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांचा, म्हणजे नवख्या चालकाच्या दृष्टीने सर्वाधिक जोखमीच्या काळाचा, विचार या नियमांत नाही.

निष्कर्ष :

१. भारतातील वाहन परवाना 'ओळखपत्र' म्हणून जन्माला आला. १९३९ मध्ये त्याला चाचणीची आणि १९८९ मध्ये अभ्यासक्रमाची जोड मिळाली. परंतु परवाना हेच साध्य आणि शिक्षण हे त्याचे साधन, हा क्रम बदलला नाही.

२. अल्पकालीन कौशल्य-शिक्षणाने अपघात आपोआप कमी होत नाहीत, हे अमेरिकेतील प्रयोगांनी दाखविले आहे. परवाना लवकर मिळवून देणारे शिक्षण प्रसंगी घातकही ठरू शकते. म्हणून वेगमर्यादा, रस्त्यांची रचना आणि पादचाऱ्यांची सोय यांना शिक्षण हा पर्याय ठरू शकत नाही. २०२२ मधील ७१.२ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदरात आहे. वेग हा ज्ञानाइतकाच अंमलबजावणीचा प्रश्न आहे.

३. देखरेखीखालील दीर्घ अनुभव हे वाहनचालक शिक्षणाचे मर्म आहे. क्लीनर-उस्ताद परंपरेत ते होते, एसटीच्या प्रशिक्षणात आहे आणि कलम ७ मध्ये बीजरूपाने आहे. शिकाऊ काळातील तासांची नोंद, नव्या परवानाधारकावर ठरावीक काळ रात्रीच्या वाहतुकीची बंधने आणि अवजड वाहनचालकांसाठी वेतनासह उमेदवारी या मार्गांनी ते कायद्यात आणणे शक्य आहे.

४. दुचाकीसाठी सक्तीचे व अर्थपूर्ण प्रशिक्षण ही सर्वांत तातडीची गरज आहे. महाविद्यालयांच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या दुचाकींच्या रांगा पाहिल्यास हा प्रश्न केवळ परिवहन खात्याचा नाही, हे ध्यानात येते. अठरा ते एकवीस या वयातील विद्यार्थी महाविद्यालयात येतो, त्याच वर्षांत त्याचा रस्त्यावरील अनुभवही घडत असतो. रस्ता सुरक्षा सप्ताहातील एका व्याख्यानाने ती समज येत नाही, हे या विषयाच्या इतिहासाने पुरेसे स्पष्ट केले आहे.